रांगोळीच्या डब्यातलं मीठ

माझ्या सासूबाईंना भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि मला तिच्याशिवाय दुसरं फारसं काही ठाऊक नाही. त्यामुळे आमचं नातं पहिल्यापासून आदराचं, पण जरा लांबूनच. द्वारकाबाई बावड्याच्या. नवरा गेल्यावर वांगी, गवार, भेंडी स्वतः पिकवून, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात उभी राहणारी बाई. मी इंदापूरच्या कचेरीतला कारकून. साहेबांच्या खोलीवरून जाताना मी चपला हातात घेऊन जातो, असं माझ्याबद्दल बोललं जातं. ते साफ खोटं आहे. मी फक्त चवड्यांवर चालतो.

सन तीसच्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याच्या तुकडीबरोबर शिरोड्याला मिठाच्या सत्याग्रहाला गेल्या. जाताना कुणाला विचारलं नाही. गवारीच्या तोड्याचं तेवढं शेजारणीला सांगून गेल्या. तिथं समुद्राचं पाणी आटवलं, लाठ्या खाल्ल्या, आणि येताना चिंधीत बांधलेली ओंजळभर मिठाची पुडी घेऊन थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. दंड काळानिळा झालेला, आणि चेहरा मात्र लेकीचं लग्न ठरवून आल्यासारखा.

"जावईबापू, ही पुडी जपा," त्या म्हणाल्या.

"इथं?" माझा आवाज जरा चिरकला.

"मग कुठं? बावड्यात माझ्या घराची झडती व्हनार. तुमी सरकारचं मानूस, तुमच्या घरात कोन बघतंय? आन् तुमच्याकडं बघून तर कुनालाच संशय यायचा न्हाय."

यातला शेवटचा भाग माझा गौरव होता की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुडी माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "मला आता आत घालत्याल. सुटून आले की बावड्याच्या मानसांना ह्यातलं बिनकराचं मीठ खायाला घालनार. शबुद दिलाय मी." आणि आठवडा उलटायच्या आत त्या बारामतीला दारूच्या गुत्त्यासमोर जाऊन बसल्या आणि येरवड्याला गेल्या. माझ्या घरच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे, बेकायदा मीठ राहिलं. रोज पूजेला बसलो की देवाऐवजी माझं लक्ष त्या पुडीकडं जाई. इतक्या एकाग्रतेनं मी एरवी कधी पूजा केली नव्हती.

दिवाळी जवळ आली, तशी सासूबाईंच्या सुटकेची बातमीही आली. लीलानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, आईसाठी अनारशाचं पीठ भिजवलं. अशात एका संध्याकाळी शेजारचे तात्याबा कुंपणावरून म्हणाले, "भाऊसाहेब, रावजी हवालदार तुमची चौकशी करीत व्हता. घरी हायेत का म्हनला."

तात्याबा पेन्शनीत निघालेले पोस्टमन. दुसऱ्यांची पत्रं आयुष्यभर न वाचता पोहोचवली, त्याची भरपाई ते आता दुसऱ्यांच्या घरात लक्ष घालून करत. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी घरात होतो. लीला देवळात गेली होती. पुडी कुठं लपवावी? पिठात? ती भाकरीत जाईल. चुलीत? हे तर पापच. एवढ्यात कोनाड्यातला रांगोळीचा डबा दिसला आणि माझ्या बुद्धीला असा काही झटका आला की मी स्वतःवरच खूश झालो. पांढऱ्यात पांढरं! पुडी सोडली, मीठ डब्यात ओतलं आणि वर चार बोटांनी ढवळलं. हे ढवळणं कशाला, असं लीलानं पुढं अनेकदा विचारलं.

रावजी आला, ओट्यावर बसला, आणि त्यानं आपल्या बदलीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं आहे. चहा पिऊन, रामराम करून तो गेला. तो गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की लीलाला काही सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी उठून बाहेर आलो, तर तात्याबांची शेळी आमच्या दारात उभी. लीलानं काढलेलं ठिपक्यांचं कमळ ती पाकळी पाकळी करून चाटत होती. डोळे मिटलेले, शेपटी हलते आहे, आयुष्यात असं काही खाल्लं नव्हतं असा तिचा भाव. लीलानं आश्चर्यानं रांगोळीचं बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा चेहरा वाचायला बायकोला वेळ लागत नाही.

ती ओरडली नाही. डबा उचलून आत आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आईनं ह्याच्यापायी मार खाल्लाय. ती आल्यावर तिच्या हातावर काय ठिवू, सांगा." मला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता मीठ पाण्यात विरघळतं आणि रांगोळी विरघळत नाही, एवढं कळायला विद्वत्ता लागत नाही. कारकुनी पुरते. मी रजा टाकली (कारण लिहिलं, 'पोटाचा विकार'), परसात चूल मांडली, पातेल्यात पाणी तापवलं आणि डबा त्यात पालथा केला. रांगोळी तळाशी बसली. वरचं पाणी मी उपरण्यातून गाळलं, मग लीलाच्या जुन्या पातळातून गाळलं, मग दोन्हीतून गाळलं. पण रांगोळीची पिठी इतकी बारीक, की पाणी ताकासारखं पांढरं ते पांढरंच राहिलं.

"गढूळ हाय," कुंपणावरून तात्याबा म्हणाले. ते केव्हापासून तिथं होते कोण जाणे. "तुरटी फिरवा की. नदीचं पानी आपन कसं निवळतो?"

सल्ला खरोखरच चांगला होता. तात्याबांचे सल्ले चांगलेच असतात, ते सल्ला देऊन थांबत नाहीत ही खरी अडचण. ते घरात गेले, दाढीच्या तुरटीचा भला मोठा खडा दोऱ्याला बांधून घेऊन आले आणि चुलीवरच्या पातेल्यात फिरवू लागले. फिरवता फिरवता त्यांनी रांगोळी चांगली कोणत्या गावची, हा विषय काढला. मी बावड्याच्या बाजूनं बोललो, ते कळसच्या बाजूनं. वाद रंगला. मग तात्याबांनी दोरा वर काढला, तर त्याला नुसती गाठ होती. नदीच्या गढूळ पाण्यात वेढाभर फिरवायचा खडा, कढत पाण्यात सबंध विरघळून गेला होता.

पाणी मात्र आरशासारखं निवळलं. गाळ तळाशी. मी मोठ्या आशेनं एक थेंब जिभेवर घेतला, आणि माझं तोंड आतल्या आत गोळा झालं ते जेवणवेळेपर्यंत उघडलं नाही.

"रांगोळी तरी पोटात जाऊन काय करत न्हवती," लीला म्हणाली.

रांगोळी तळाशी बसते, गाळता येते. पण तुरटी तर मिठासारखीच पाण्यात विरघळते. आता कोण कुणातून वेगळं करणार? माझी मती गुंग झाली, आणि मती गुंग झाली की मी कचेरीत जातो. तिथं मी फार धूर्तपणे, कुणाचं नाव न घेता, वरिष्ठ कारकुनांना विचारलं, "समजा, एखाद्या गृहस्थाचं घरचं मीठ अशुद्ध झालं आणि त्यानं ते घरीच शुद्ध केलं, तर?"

"असा प्रश्न तोंडी विचारू नये," ते म्हणाले. "अर्ज द्या." मी टोपणनावानं अर्ज दिला. दुपारपर्यंत तो तीन टेबलं फिरून माझ्याच टेबलावर अभिप्रायासाठी आला. मी 'वरिष्ठांकडे सादर' असं लिहून पुढं ढकलला. संध्याकाळी उत्तर आलं. मीठ शुद्ध करणं हे कायद्यानं मीठ तयार करण्यातच धरतात, सबब परवाना घ्यावा. परवान्याच्या अर्जासोबत मिठाचा नमुना जोडावा, आणि नमुना शुद्ध असावा.

बारामतीच्या एका शाळेत बापूसाहेब नावाचे शास्त्राचे मास्तर होते. शाळेतल्या मुलांना पाण्याचं पृथक्करण दाखवताना त्यांनी आपली अर्धी मिशी जाळून घेतली होती आणि उरलेली अर्धी, तुलना करता यावी म्हणून, आठवडाभर तशीच ठेवली होती, अशी त्यांची ख्याती. अशा माणसावर माझा चटकन विश्वास बसतो. सगळं पाणी कळशीत भरलं, तोंड फडक्यानं बांधलं आणि मी सर्व्हिस मोटारीत बसलो.

कळशी मांडीवर घेऊन, सोवळ्यात असल्यासारखं अंग आखडून बसलेला माणूस पाहून शेजारच्या म्हातारीनं हात जोडले. "तीर्थ जनू? काशीचं?" मी नाही म्हटलं असतं तर काय आहे ते सांगावं लागलं असतं. मी नुसती मान हलवली. झालं! म्हातारीनं ओंजळ पुढं केली, तिच्यामागं अख्ख्या मोटारीनं. मी थेंब थेंब दिलं. एकाएकी सगळ्यांची तोंडं आवळली. शेवटी म्हातारी कशीबशी म्हणाली, "खरं हाय बाबा. पाप बाहीर काडतंय." बारामतीपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही, पण उतरताना दोघांनी पायांना हात लावला.

बापूसाहेबांनी माझी कहाणी ऐकली. एखादा हसला असता, एखादा घाबरला असता. त्यांचा चेहरा मात्र जिलबीचं ताट समोर यावं तसा उजळला. बोट बुडवून त्यांनी चव घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि आनंदानं ओरडले, "वा! उत्तम बिघडवलंत! अहो, याहून सुंदर मिश्रण मला करता आलं नसतं!"

माझ्या कोणत्याही कामाची कुणी इतकी तारीफ केली नव्हती.

"ऐका," ते म्हणाले. "दोन्ही पाण्यात विरघळतात, पण दोघांचे स्वभाव वेगळे. मिठाला ऊन आणि थंडी सारखीच. कढत पाणी असो की गार, ते जवळजवळ तेवढंच विरघळणार. तुरटी मात्र लहरी. कढत पाण्यात वाटेल तेवढी मावते, आणि पाणी गार झालं की बाहेर येऊन बसते. म्हणून पाणी आटवा. कढत असताना तळाशी जे बसेल ते मीठ, लगेच काढून घ्या. उरलेलं पाणी गार होऊ द्या. जे बसेल ती तुरटी. मग पुन्हा आटवा. स्वभाव ओळखला की भांडण न करता वेगळं करता येतं!"

आयुष्यभर मीठ खाल्लं, पण मिठाला स्वभाव असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शास्त्र म्हणजे पाठ करायची कटकट असं मी समजत होतो. या माणसाला ते नात्यागोत्यातल्या माणसांसारखं ठाऊक होतं.

एवढ्यात हेडमास्तर दारात आले. "हे कळशीत मीठ तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"छे! सोडियम क्लोराईड आहे," बापूसाहेब म्हणाले.

"मग हरकत नाही," असं म्हणून हेडमास्तर गेले, आणि त्या शब्दांचा अर्थ वाटेत डोक्यात शिरल्यावर धावतच परत आले. शाळेचं सरकारी अनुदान आणि ही कळशी एका छपराखाली राहू शकत नाहीत, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. बापूसाहेबांनी वाद घातला नाही. खुंटीवरचा कोट अंगात चढवला आणि म्हणाले, "उद्या रविवार. मी येतो इंदापूरला. चूल आहे ना?"

रविवारी सकाळी माझ्या परसात चूल पेटली. सरकारी कारकून उघड्या अंगानं खारं पाणी आटवतो आहे, हे दृश्य इंदापुरात लपून राहणं शक्य नव्हतं. आधी पोरं आली, मग बायका, मग कुणीतरी हार घेऊन आलं. "भाऊसाहेबांचा विजय असो!" अशी आरोळी उठली. मी घाबरून सांगितलं की हे औषध आहे, पोटाचं. लोक कौतुकानं हसले. "भाऊसाहेब लई हुशार," कुणीतरी म्हणालं. ज्या धैर्याचा माझ्या अंगात लवलेश नव्हता, त्याबद्दल माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो काढून टाकायचंही धैर्य नव्हतं.

बापूसाहेबांना हे काही दिसतच नव्हतं. ते उकिडवे बसून पातेल्याच्या काठाशी नाक लावून होते. पाणी आटलं, आणि तळाशी पांढरा थर बसू लागला. "आलं!" ते कुजबुजले. झाऱ्यानं मीठ काढून फडक्यावर पसरलं. उरलेलं पाणी ओल्या वाळूत ठेवलं. दुपार कलल्यावर त्यात चकचकीत, कोनाकोनांचे खडे दिसू लागले. तात्याबांनी एक उचलला, जिभेला लावला आणि भरून आलेल्या आवाजात म्हणाले, "ही माझी तुरटी हाय." ती त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून नेली.

मिठाला अजून किंचित तुरट चव होती. बापूसाहेब म्हणाले, "अंगाला चिकटलेली आहे. धुवायला हवं."

"धुतलं तर मीठच विरघळंल न्हवं?" लीलानं विचारलं.

बापूसाहेब खूश झाले. "साध्या पाण्यात विरघळेल. पण मीठ खाऊन तृप्त झालेल्या पाण्यात? पंगतीत पोटभर जेवलेला पाहुणा आणखी लाडू घेत नाही, पण विडा घेतो की नाही? तसं ते पाणी मीठ घेणार नाही, तुरटी मात्र घेऊन जाईल. दुकानातलं थोडं मीठ आणा, त्याचं गच्च पाणी करू."

"दुकानातलं?" तात्याबा कुंपणावरून जवळजवळ किंचाळले. "कर भरलेलं? आन् त्यानं हे धुनार? इटाळ व्हईल!"

यावर परसात दोन तट पडले. पाण्यात सरकारी मीठ असेल आणि फडक्यावर देशाचं, तर स्पर्श होतो की नाही? एकाच्या मते होत नाही, दुसऱ्याच्या मते होतो पण वाळल्यावर जातो. बापूसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की कण थोडेफार अदलाबदल होतीलच, आणि त्यामुळे वाद मिटायच्या ऐवजी पेटला. शेवटी लीला उठली. फडक्यावरच्या मिठातली एक मूठ तिनं वाटीभर पाण्यात टाकली, विरेनासं होईपर्यंत ढवळली आणि म्हणाली, "घरच्याच मिठानं घरचं मीठ धुवा. थोडं कमी व्हईल, व्हऊ द्या."

बापूसाहेबांनी टोपी काढली. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान वाटला की मी लोकांदेखत तसं म्हणालोही, आणि ती लाजून घरात पळाली. वाळल्यावर जे मीठ राहिलं ते ओंजळीपेक्षा कमी होतं, पण चव घेतली तर निव्वळ खारट. मी ते त्याच चिंधीत बांधून बाळकृष्णाच्या मागे ठेवलं आणि साष्टांग नमस्कार घातला.

सासूबाई आल्या त्या दिवशी बावड्याहून गाड्या भरून माणसं आमच्या दारात उतरली. लीलानं मोठ्या पातेल्यात आमटी टाकली होती. बंदोबस्ताला रावजी हवालदार आला होता, आणि ओट्यावर माझ्याच शेजारी बसला होता. सासूबाई वाळल्या होत्या, पण नजर तीच. हातपाय धुऊन त्या म्हणाल्या, "आना माझी पुडी."

मी पुडी दिली. त्यांनी गाठ सोडली, मीठ तळहातावर घेतलं, उजेडाकडं नेलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे माझं न्हाय," त्या म्हणाल्या.

लीलाचा हात पदराशी गेला.

"माझं काळपट व्हतं. वाळूचं, मातीचं, दातात करकरायचं. हे तर साखरंवानी हाय. असं मीठ मला जन्मात जमलं नसतं. कुनी केलं हे?"

रावजी सावरून बसला. त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. मी मीठ शुद्ध करणं म्हणजे काय ते कागदावर वाचलेला माणूस. 'औषध' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण समोर त्या बाईचा वाळलेला हात होता, आणि त्या हाताला खोटं सांगणं मला जमेना.

"मी केलं," मी म्हणालो.

रावजी खाकरला. मी लिहिलेला अर्ज त्याच्या कामी आला होता, बदली मंजूर झाली होती. "भाऊसाहेब, मला नीट ऐकू आलं न्हाय," तो सावकाश म्हणाला. "गलका लई हाय हितं."

गलका मुळीच नव्हता. वाट मोकळी होती, नेहमीसारखं चवड्यांवर निघून जाता आलं असतं. मी उभा राहिलो आणि माझाच मला ओळखू येणार नाही अशा आवाजात ओरडलो, "मीठ मी केलं! माझ्या परसात! माझ्या चुलीवर!"

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून माझ्याही. त्यांनी एक चिमूट माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

"मग मुद्देमाल ताब्यात घ्यावा लागंल," रावजी दुःखानं म्हणाला. "पन आधी दोन पंच पायजेत." तो पंच शोधायला निघाला. प्रत्येक जण त्याला सांगू लागला की आधी जेवण, मग पंच. रस्त्यावरही कुणी भेटेना. तो दमून परत आला तेव्हा पंगत बसली होती आणि त्याच्या नावाचं पान वाढलेलं होतं. सकाळपासून तो उपाशी होता. बसला. भाकरी चुरली, आमटी भुरकली, दोन वाट्या संपवल्या, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "हां, द्वारकाबाई. मुद्देमाल कुठं हाय?"

"आमटीत घातला," सासूबाई म्हणाल्या. "समद्यांना पोचला पायजे न्हवं?"

रावजीनं रिकाम्या वाटीकडं पाहिलं. बावड्याच्या पंगतीकडं पाहिलं, सगळे खाली मान घालून जेवत होते. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"मीठ बराबर पडलंय," तो म्हणाला, आणि वाटी पुढं केली.